डबा घेऊन या: ‘पेगन प्राइड डे’च्या अन्नसंकलनाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेत शरद संपाताच्या सुमारास, म्हणजे साधारण सप्टेंबरात, अनेक शहरांच्या सार्वजनिक बागांमध्ये ‘पेगन प्राइड डे’, म्हणजे निसर्ग आणि प्राचीन युरोपी देवता मानणाऱ्या पेगन लोकांचा जाहीर उत्सव, भरतो. ओळीने तंबू, पुस्तकं, दागिने आणि औषधी वनस्पतींची दुकानं, व्याख्यानं, ढोलवादन आणि दुपारी केव्हातरी सगळ्यांना खुला असलेला विधी, असं त्याचं स्वरूप. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. फाटकाशी मोठी खोकी मांडलेली असतात आणि येणाऱ्याने न नासणाऱ्या अन्नाचा एखादा डबा किंवा पाकीट त्यात टाकावं, एवढी विनंती असते. उत्सव आटोपला की ती खोकी त्या भागातल्या फूड बँकेकडे, म्हणजे गरजूंसाठी अन्न साठवणाऱ्या संस्थेकडे, जातात.

ही त्या त्या गावच्या संयोजकांची हौस नाही. या उत्सवांमागच्या ‘पेगन प्राइड प्रोजेक्ट’ या संस्थेचं नाव लावायचं तर सार्वजनिक विधी करावा लागतो, वृत्तपत्रांना कळवावं लागतं, दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं आणि अन्नसंकलन किंवा दुसरं एखादं धर्मादाय काम करावंच लागतं. या शेवटच्या अटीचं हे प्रकरण आहे. लहान, विखुरलेला आणि बराचसा लपून राहणारा समाज परक्यांसाठी अन्न गोळा करायला निघाला, तर ते काम कसं उभं राहतं आणि कुठे अडतं, ते इथे पाहायचं आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. अट चांगली आहे, पण जमलेल्या डब्यांचं वजन हे तिचं मोठं फळ नव्हे. वर्षातून एकदा फूड बँकेच्या दारात उभं राहावं लागतं, त्यातून ओळख होते. त्या ओळखीचं पुढच्या अकरा महिन्यांत काय केलं, यावर सगळं ठरतं.

पार्श्वभूमी

पेगन म्हणजे एक पंथ नव्हे. 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी उजेडात आणलेला, जादूविधी मानणारा विक्का, प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव लावणारी ड्रुइड परंपरा, उत्तर युरोपच्या देवतांना मानणारे हीदन, ग्रीक आणि रोमन देवतांचे उपासक, असे अनेक गट या नावाखाली येतात. सगळ्यांचा मिळून एक ग्रंथ नाही, एक धर्मगुरू नाही. विक्कातलं ‘कोव्हेन’ म्हणजे कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमणारी मोजकी माणसं, आणि कित्येक जण तर एकटेच उपासना करतात. प्यू रिसर्च सेंटरच्या 2014 च्या पाहणीत अमेरिकी प्रौढांमध्ये त्यांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं.

सेवेच्या दृष्टीने याचा अर्थ रोकडा आहे. चर्चकडे तळघरात स्वयंपाकघर असतं, कोरडी कोठी असते, पगारी पाद्री असतो, रविवारी देणगीचं तबक फिरतं. पेगन गटाकडे यातलं बहुधा काहीच नसतं. अमेरिकेतल्या लहान अन्नवाटप केंद्रांपैकी, ज्यांना तिकडे ‘फूड पँट्री’ म्हणतात, निम्म्याहून अधिक धार्मिक संस्था चालवतात आणि त्यातली बहुतेक चर्चं आहेत. पेगन गटाला सेवा करायची तर ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या छताखाली जाऊन करावी लागते, आणि ते छत अनेकदा अशा माणसांचं असतं ज्यांना या गटाचं नावच खटकतं.

खटकण्याला इतिहास आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजेच्या अफवांची मोठी लाट आली आणि पेगन मंडळी त्यात विनाकारण भरडली गेली. 1985 मध्ये सेनेटर जेसी हेल्म्स यांनी जादूटोण्याशी संबंधित संघटनांची करसवलत काढून घेणारी दुरुस्ती मांडली. सेनेटने ती मंजूरही केली होती, अंतिम मसुद्यातून मात्र ती गळाली. पुढच्याच वर्षी एका कैद्याच्या खटल्यात फेडरल अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचं मान्य केलं. तरी 1999 मध्ये टेक्ससच्या फोर्ट हूड लष्करी तळावरच्या विक्कन सैनिकांचे विधी बंद करा, अशी मागणी काँग्रेसमन बॉब बार यांनी केलीच. या सगळ्याच्या मधोमध, 1997 मध्ये, पेगन प्राइड प्रोजेक्टची कल्पना पुढे आली आणि 1998 पासून उत्सव सुरू झाले.

म्हणून एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हे अन्नदान नसून प्रतिमा उजळण्याचा खटाटोप आहे. यात तथ्य आहे आणि ते नाकारू नये. वृत्तपत्रांना कळवण्याची अट आणि अन्नाची अट एकाच यादीत शेजारी बसल्या आहेत. पण राजम्याचा डबा ज्या घरात उघडतो, तिथे तो कोणी दिला हे कोणाला ठाऊक नसतं. फूड बँकेच्या गोदामात शिरताच सगळ्यांचे डबे एकत्र होतात. आम्हाला हा भाग मोलाचा वाटतो. शिवाय अन्नच का, याला धर्मातलं कारणही आहे. विक्का आणि त्यातून निघालेल्या परंपरांच्या वर्षचक्रात आठ सण असतात, त्यातले तीन सुगीचे: 1 ऑगस्टच्या सुमाराचा लूनासा, शरद संपात आणि ऑक्टोबरअखेरचा सॅमहेन. मधली सुगी आभाराची आणि वाटून खाण्याची. उत्सव नेमका त्याच दिवसांत येतो, त्यामुळे डबा आणण्यामागचं कारण कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

फूड बँकेशी बोलणी

संकलन बिघडतं ते बहुधा उत्सवाच्या दिवशी नाही, त्याच्या चार महिने आधी. अन्न कोणाला द्यायचं हे न ठरवताच ‘फूड ड्राइव्ह’ जाहीर होतो. उत्सव शनिवारी किंवा रविवारी असतो, संध्याकाळी पाच-सहाला आटोपतो, आणि त्या वेळी बहुतेक गोदामांचा माल उतरवायचा धक्का बंद असतो. मग तीनशे किलो डबे कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जातात. सोमवारी त्या माणसाला कामावर जायचं असतं. ऑक्टोबर उलटतो, थंडी पडते, डब्यांतलं पाणी गोठतं, शिवणी फुगतात. असा डबा टाकूनच द्यावा लागतो.

म्हणून मे किंवा जूनमध्येच प्रादेशिक फूड बँकेच्या फूड ड्राइव्ह विभागाला पत्र लिहायचं. फूड बँक आणि पँट्री यांत गल्लत करू नये. फूड बँक हे मोठं गोदाम असतं, ते अनेक पँट्रींना माल पुरवतं. 1967 मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल यांनी अशी पहिली बँक उघडली. 1979 मध्ये त्यांचं देशव्यापी जाळं उभं राहिलं, त्याचं आजचं नाव ‘फीडिंग अमेरिका’. सुमारे 200 फूड बँका आणि 60,000 वाटप केंद्रं त्यात येतात. पेगन गटाने सुरुवात गोदामापासून करावी, पँट्रीपासून नको. गोदामात पगारी कर्मचारी असतो, रोज शाळा, बँका, क्लब, मशिदी, देवळं यांच्याकडून माल घेणं हे त्याचं काम असतं आणि देणाऱ्याच्या श्रद्धेशी त्याला देणंघेणं नसतं. छोट्या चर्चची पँट्री एकदोन स्वयंसेवक चालवतात. त्यातल्या एकालाही संकोच वाटला तर ‘सध्या जागा नाही’ असं उत्तर येतं, आणि तोवर पत्रकावर त्या पँट्रीचं नाव छापून झालेलं असतं.

पत्रात गटाचं पूर्ण नाव लिहावं. ‘कम्युनिटी फेस्टिव्हल’ असं गुळमुळीत लिहून नंतर पेगन हा शब्द पुढे आला, की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. नकार येणारच असेल तर तो जूनमध्ये आलेला बरा. पाच गोष्टी विचारून लेखी घ्याव्यात: या वर्षी कशाची टंचाई आहे, काय नको आहे, खोकी तुम्ही देता का, माल कोणत्या वारी किती वाजता घेता, आणि वजनाची पावती मिळेल का. फूड बँकेचं नाव आणि चिन्ह पत्रकावर वापरायला वेगळी परवानगी लागते, तीही त्याच पत्रात मागावी. सप्टेंबर हा फीडिंग अमेरिकेच्या जाळ्यात ‘हंगर ॲक्शन मंथ’ म्हणून पाळला जातो, त्यामुळे त्या महिन्यात संकलनांची गर्दी असते आणि खोकी लवकर संपतात.

अन्नदानातल्या कायदेशीर जबाबदारीची भीती मनातून काढून टाकावी. 1 ऑक्टोबर 1996 रोजी अमलात आलेल्या बिल इमर्सन कायद्याने, सद्भावनेने ना-नफा संस्थेला दिलेल्या आणि दिसायला सुस्थितीतल्या अन्नासाठी देणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. ढळढळीत बेपर्वाई किंवा मुद्दाम केलेलं नुकसान मात्र त्यात बसत नाही. याचा उपयोग बागेच्या व्यवस्थापनाशी बोलतानाही होतो. तिथल्या कारकुनाला हा कायदा बहुधा माहीत नसतो.

काय मागायचं

‘डबाबंद अन्न आणा’ एवढंच लिहिलं तर लोक कपाटामागचा माल आणतात: भोपळ्याचा गर, तीन वर्षांपूर्वीची क्रॅनबेरी चटणी, पाण्यातले शिंगाडे. दोष लोकांचा नाही, पत्रकाचा आहे. नावं लिहून मागावं. शेंगदाण्याचं लोणी प्लॅस्टिकच्या बरणीत, टूना किंवा चिकनचे डबे, राजमा आणि हरभरे, रसातली (पाकातली नव्हे) फळं, कमी मिठाच्या भाज्या, ओट्स, एक-दोन पौंडांच्या बंद पाकिटातला तांदूळ. डबा शक्यतो कडी ओढून उघडणारा असावा. रस्त्यावर किंवा मोटारीत राहणाऱ्या माणसाकडे डबा फोडायची चावी नसते, आणि चावीअभावी हातात राहिलेला डबा त्याच्या काही कामाचा नाही.

काच नको. एक बरणी फुटली की अख्खं खोकं टाकावं लागतं, कारण चुरा पाकिटांच्या घड्यांत शिरतो. घरी केलेलं काहीही नको, आणि हे पेगन उत्सवात ठळकपणे लिहावं लागतं. या मंडळींमध्ये मुरांबे, काढे, मध घालून मुरवलेल्या वनस्पती स्वतःच्या हाताने करायची परंपरा जिवंत आहे, आणि देणारा मनापासून देतो. पण घरी भरलेल्या बरणीत बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका असतो आणि गोदामाला ती तपासता येत नाही. फाटकावरच्या माणसाने ती परत करताना विधीच्या ठिकाणी सामूहिक फराळाचं मेज मांडलं असेल तर तिकडे बोट दाखवावं. नुसता नकार दिला तर तो माणूस पुढच्या वर्षी काहीच आणत नाही.

तारखांबद्दल गोंधळ फार असतो. डब्यावरची ‘बेस्ट बाय’ तारीख चवीची असते, सुरक्षिततेची नव्हे. अमेरिकी कृषी खात्याच्या मार्गदर्शनानुसार टोमॅटो, अननस असे आंबट डबे 12 ते 18 महिने आणि मांस, कडधान्य, भाज्या यांचे डबे 2 ते 5 वर्षं चांगले राहतात. तरी किती जुना माल घ्यायचा हे प्रत्येक फूड बँक आपापलं ठरवते, म्हणून तिचाच नियम छापावा. बाळाच्या दुधाची पावडर याला अपवाद आहे: तारीख उलटलेला डबा कधीच घ्यायचा नाही. फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला, खोल गंजलेला किंवा लेबल नसलेला डबा सरळ कचऱ्यात. पोटाशी थोडासा चेपलेला चालतो.

अन्नाशेजारी दुसरं खोकं ठेवावं, असा आमचा आग्रह आहे. सरकारी अन्नमदत कार्डावर, म्हणजे ‘स्नॅप’वर, साबण, डायपर, सॅनिटरी पॅड, टूथपेस्ट, कुत्र्या-मांजरांचं खाणं यातलं काहीच मिळत नाही. गरीब घराला या गोष्टी रोख पैशानेच घ्याव्या लागतात. एक डायपरचा पुडा जे काम करतो, ते मक्याच्या दहा डब्यांनी होत नाही. प्राण्यांबद्दलची ओढ या समाजात खोल आहे, त्यामुळे प्राण्यांच्या खाण्याचं खोकं लवकर भरतं. ते कोणत्या आश्रयगृहाला जाणार, हेही आधीच ठरवून ठेवावं.

उत्सवाचा दिवस

समजा 300 माणसं आली आणि प्रत्येकाने सरासरी दोन डबे आणले. 15 औंसांचा भाजीचा डबा पत्र्यासकट साधारण 1.1 पौंड भरतो. 600 डबे म्हणजे 660 पौंड, म्हणजेच 300 किलो. केळ्यांच्या जाड खोक्यात, जे किराणा दुकानातून फुकट मिळतं आणि गोदामांच्याही सवयीचं असतं, सुमारे 40 पौंड माल भरावा, त्याहून जास्त नको. म्हणजे 17 खोकी. फूड बँकेने फळीवर (पॅलेटवर) ठेवायचं मोठं पुठ्ठ्याचं पिंप दिलं असेल तर सगळा माल एकात मावतो, पण ते भरल्यावर हाताने हलत नाही. फळी उचलणारी हातगाडी आणि मागे हायड्रॉलिक पाटी असलेला ट्रक नसेल तर पिंप घेऊच नये. संध्याकाळी सात वाजता दमलेल्या चार जणांनी ते वाकून वाकून रिकामं करायचं, आणि कोणाची तरी कंबर धरायची, हे ठरलेलं.

300 किलो एका सेडान मोटारीच्या डिकीत घालू नयेत. बहुतेक मोटारींची माणसांसकट वाहण्याची मर्यादाच 400 किलोच्या आसपास असते, आणि सगळं वजन मागे पडलं की पुढच्या चाकांची पकड सुटते. एक पिकअप किंवा तीन मोटारी सांगून ठेवाव्यात. बागेच्या गवतावर गाडी आणायला अनेक ठिकाणी बंदी असते, तेव्हा खोकी पक्क्या रस्त्याच्या कडेलाच मांडावीत. सकाळी आकर्षक दिसतं म्हणून ती मध्यावर, वेदीजवळ मांडली, तर संध्याकाळी प्रत्येक खोकं दोनशे मीटर वाहावं लागतं.

काही ठिकाणी अन्न विधीतच अर्पण करतात. लोक रांगेने येतात, डबा मंडलाच्या मध्यभागी ठेवतात, सुगीचे आभार मानतात. याला जोड नाही. टोपलीत पैसे टाकण्यापेक्षा हे कितीतरी जास्त मनात राहतं, आणि लहान मूलही ते करू शकतं. फक्त काळजी अशी की कागदाची आणि पुठ्ठ्याची पाकिटं त्यात घेऊ नयेत. ओल्या गवताने ती भिजतात, धुपाचा वास ओढून घेतात, मेण किंवा तेल पडलं तर गोदाम ती फेकून देतं. मंडलात फक्त पत्र्याचे डबे ठेवावेत, तेही ताडपत्रीवर.

डब्यामागे सोडतीचं एक तिकीट, ही युक्ती जवळजवळ सगळीकडे करून पाहिली जाते. तिचे दोन तोटे आहेत. सोडतीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे, काही ठिकाणी परवाना लागतो. आणि माणूस सर्वांत स्वस्त वस्तू आणतो: 12 तिकिटांसाठी झटपट शेवयांची (नूडल्सची) 12 पाकिटं, ज्यात मीठ भरपूर आणि बाकी काहीच नाही. सोडत ठेवायचीच तर शेंगदाणा लोण्याच्या बरणीला पाच तिकिटं आणि शेवयांना एक, असा तक्ता फाटकावर लावावा.

वजन उत्सवात मोजत बसू नये. फूड बँकेच्या काट्यावरचं वजन आणि तिची पावती हीच खरी. पुढच्या वर्षीच्या पत्रकावर तोच आकडा छापायचा, ‘अंदाजे एक टन’ असं काही नाही.

डबे की पैसे

कृषी खात्याच्या हिशेबाने 1.2 पौंड अन्न म्हणजे एक जेवण. आपल्या उदाहरणातले 660 पौंड म्हणजे 550 जेवणं. तेच 600 डबे दुकानातून घ्यायला सातशे-आठशे डॉलर सहज जातात. फीडिंग अमेरिका एका डॉलरमागे किमान 10 जेवणांचा हिशेब सांगते, म्हणजे तेवढ्याच पैशात 7,000 हून अधिक. हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. त्यातलं बरंच अन्न शेतकऱ्यांकडून आणि कारखान्यांकडून फुकट आलेलं असतं, डॉलर जातो तो वाहतूक, शीतगृह आणि वाटप यांवर. पण फरक एवढा मोठा आहे की कितीही काटछाट केली तरी पैसा पुढेच राहतो.

मग डबे बंद करावेत का? आमच्या मते नाही. विधीत अर्पण करता येतो तो डबा. ज्याच्या खिशात एकच डॉलर आहे तोही डबा आणून मान ताठ ठेवून आत येतो. पण डब्यांच्या खोक्याला फूड बँकेच्या देणगी पानाचा क्यूआर कोड चिकटवावा, म्हणजे पैसे थेट तिच्या खात्यात जातील. नोंदणी नसलेल्या गटाच्या किंवा संयोजकाच्या स्वतःच्या खात्यात पैसे आले की दोन गोष्टी होतात: देणाऱ्याला करवजावट मिळत नाही, आणि सहा महिन्यांनी हिशेबावरून गट फुटतो. रोख पेटी ठेवलीच तर ती कुलूपबंद हवी, उघडताना दोघांनी मोजावी, आकडा कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि रक्कम त्याच आठवड्यात भरावी. पैशाची मोहीम या समाजाला जमते, हे 2011 मध्ये दिसलं आहे. जपानच्या त्सुनामीनंतर अमेरिकी पेगन मंडळींनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’साठी 30,000 डॉलरचं लक्ष्य ठेवलं आणि ते गाठलं.

नावांचा प्रश्न

बाहेरच्या सल्लागाराच्या लक्षात न येणारी अडचण ही आहे. अनेक पेगन लोक उपासनेत वेगळं नाव वापरतात आणि गटात एकमेकांना त्याच नावाने ओळखतात. कित्येकांनी आपली श्रद्धा नोकरीच्या ठिकाणी सांगितलेली नसते. घटस्फोटात मुलांचा ताबा हातचा जाईल, ही भीतीही काहींच्या मनात असते. फूड बँकेत स्वयंसेवक म्हणून माल निवडण्याच्या पाळीला मात्र कायदेशीर नाव, आपत्कालीन संपर्क आणि जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही लागते. मुलांसोबत किंवा वृद्धांसोबत काम असेल तर पार्श्वभूमी तपासणीही होते. गटाच्या नावाने दहा जागा आरक्षित केल्या की ही यादी ‘अमुक पेगन गट’ या शीर्षकाखाली तयार होते. मग ऐनवेळी चार जण येत नाहीत, आणि फूड बँकेच्या दप्तरी गट बेभरवशाचा ठरतो.

तोडगा सोपा आहे. गटाच्या नावाखाली नोंदणी करायची की एकेकट्याने त्याच पाळीत नाव घालायचं, हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं. दोघंही माल निवडायच्या त्याच फिरत्या पट्ट्याशेजारी उभे राहतात, काम तेच होतं. छायाचित्राचं विचारावं लागतं, आणि फूड बँकेच्या प्रसिद्धी विभागालाही आधी सांगावं लागतं, कारण स्वयंसेवकांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणं हा त्यांचा रोजचा परिपाठ असतो. उत्सवातही ज्यांना फोटो नको त्यांना रंगीत फीत देतात. तीच पद्धत इथे चालते.

पाळीच्या दिवशी पुढून बंद असलेले बूट आणि बांधलेले केस हवेत; सैल झगा किंवा लोंबणारे दागिने नकोत. ही अट श्रद्धेविरुद्ध नाही, फिरत्या पट्ट्यात कापड अडकू नये म्हणून आहे. गळ्यातलं पाच टोकांच्या चांदणीचं पेगन चिन्ह सदऱ्याच्या आत ठेवलं की झालं. लपवायचं म्हणून नव्हे, पट्ट्यासाठी. खोक्यात पत्रकं घालू नयेत, कोणत्याही धर्माची. सरकारी अन्न घेणाऱ्या केंद्रांवर तर प्रार्थनेची किंवा उपदेशाची अट घालायला बंदीच आहे. पेगन परंपरांमध्ये धर्मप्रसार बहुतेक नसतोच, त्यामुळे हा नियम त्यांना जड जात नाही.

वर्षभर

सप्टेंबरनंतर नोव्हेंबर-डिसेंबरात फूड बँकांकडे स्वयंसेवकांची रीघ लागते. थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या पाळ्या आधीच भरलेल्या असतात. रिकाम्या राहतात त्या जानेवारी ते मार्चच्या आणि उन्हाळ्याच्या, जेव्हा शाळा बंद असल्याने मुलांचं शाळेतलं जेवणही बंद असतं. पेगन वर्षचक्र इथे नेमकं उपयोगी पडतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इम्बोल्क, मार्चमध्ये वसंत संपात, 1 मेला बेल्टेन, जूनमध्ये दक्षिणायन. प्रत्येक सणाच्या आदल्या किंवा पुढच्या शनिवारी सहा जणांची एक पाळी ठरवली, तर वर्षात आठ पाळ्या होतात. पाळी तीन तासांची धरली तर वर्षाचे 144 माणूस-तास. 300 किलो डब्यांपेक्षा फूड बँक या तासांना जास्त किंमत देते, कारण तिच्याकडे माल असतो, निवडणारे हात कमी पडतात. ‘आर न ड्रीयोख्त फेन’ या 1983 मध्ये आयझॅक बोनविट्स यांनी सुरू केलेल्या ड्रुइड संघटनेत स्थानिक शाखेला पूर्ण सनद हवी असेल तर सार्वजनिक विधींबरोबर समाजसेवाही करावी लागते. सेवा अशी घटनेत घातलेली असली की ती एका माणसाच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनाही यातलं बरंच लागू पडतं, कारण गणेशोत्सव त्याच हंगामात येतो आणि मंडपाच्या दाराशी अन्नाची खोकी ठेवणं सहज शक्य असतं. तिथे दोन चुका होऊ शकतात. भारतीय दुकानातून घेतलेली 20 पौंडांची तांदळाची गोणी पँट्रीला एका घराला देता येत नाही, आणि घरच्या डब्यातून पिशवीत भरलेली तूरडाळ, लेबल नसल्यामुळे, घेतली जात नाही. एक-दोन पौंडांची मूळ वेष्टनातली पाकिटं, ज्यावर घटक इंग्रजीत छापलेले आहेत, तीच द्यावीत.

कागद

गट मोडतात ते भांडणांनी कमी आणि कागदांनी जास्त. संयोजक दुसऱ्या राज्यात जातो. त्याच्याबरोबर बँकेचं खातं, मेलचा पासवर्ड, कर ओळख क्रमांक आणि फूड बँकेतल्या माणसाचा फोन नंबरही जातो. वार्षिक उलाढाल 50,000 डॉलरपर्यंत असलेल्या करमुक्त संस्थेला दरवर्षी फक्त ‘990-एन’ हे छोटं ई-विवरण भरायचं असतं, दहा मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं चुकलं तर करसवलत आपोआप रद्द होते, सुनावणी वगैरे काही होत नाही. मग बागेचा ना-नफा दर मिळत नाही, दुकानदारांकडून घेतलेलं भाडं अडचणीचं ठरतं आणि पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. चर्च म्हणून मान्यता असलेल्या गटांना हे विवरण भरावं लागत नाही, पण उत्सव समिती ही सहसा चर्च नसते. हा भेद अनेकांना माहीत नसतो.

बागेच्या परवान्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा लागतो. बहुतेक नगरपालिका प्रत्येक घटनेमागे 10 लाख डॉलरचं संरक्षण आणि त्यात नगरपालिकेचं नाव मागतात. विमा आणि मैदान यांचा खर्च दुकानदारांच्या भाड्यातून भागवावा, अन्नाच्या पेटीतून कधीच नाही.

हे सगळं एका फायलीत दोघांच्या ताब्यात असावं: कर ओळख क्रमांकाचं पत्र, गेल्या तीन वर्षांच्या 990-एन पावत्या, विमा प्रमाणपत्र, बागेचा परवाना, फूड बँकेच्या वजनाच्या पावत्या, तिच्याशी झालेला पत्रव्यवहार आणि आठ पाळ्यांच्या तारखा. डिसेंबरच्या पहिल्या बैठकीत नवा संयोजक ठरला की जुन्याने त्याला घेऊन एकदा गोदामात जावं आणि माल घेणाऱ्या कर्मचाऱ्याशी समोरासमोर ओळख करून द्यावी, शक्यतो जानेवारीतल्या एखाद्या रिकाम्या पाळीच्या दिवशीच.